उजवीकडची जागा

साळवे मास्तरांची जीप पंपावर आली की पंपवाला आधी टँकरला फोन करायचा आणि मग नळी हातात घ्यायचा. यात थोडा माझा मीठमसाला आहे, कबूल. मास्तर असते तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले असते, "बबन, अतिशयोक्ती अलंकार. वाक्य खोड आणि पुन्हा लिही." पण मास्तर गेले. आता खोडायला कुणी नाही, म्हणजे खरं तर मला मोकळं रान मिळाल्यासारखं वाटायला हवं. तसं वाटत नाही.

मास्तर मिरजगावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी. पुढं खत-बियाण्यांचं दुकान टाकलं तेही नेमकं त्यांच्या घरासमोर, त्यामुळे शाळा सुटली तरी मास्तर सुटले नाहीत. सकाळी शटर वर केलं की समोर पहिली दिसायची ती जीप, आणि जीपच्या खाली मास्तरांचे दोन पाय.

जीप डिस्पोजलची. नगरला लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघतात, त्या भंगारवाले घेतात, आणि भंगारवाल्यांपासून शहाणी माणसं लांब राहतात. मास्तर जवळ गेले. त्यांना जीप सापडली तेव्हा बोनेटमधून एरंड उगवून वर आला होता आणि मागच्या बाकावर एक शेळी व्याली होती. शेळी पिल्लांसकट भंगारवाल्याला परत दिली, एरंड उपटला, आणि खाली जी काय उरली ती जीप समजून मास्तर घरी घेऊन आले. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, "हिनं महायुद्धात एकटीनं रणगाडा ओढलाय." मास्तर जीपखालून म्हणायचे, "एवढं वय सांगू नकोस रे. तिला राग येतो, मग ती चालू होत नाही."

आमच्या भागात जीप म्हणजे वडाप. दहा माणसं आत, सहा बाहेर लोंबकळतात. मास्तरांनी कधी कुणाला पैसे घेऊन बसवलं नाही, त्यामुळे ही घेतली कशाला, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या बायकोलाही सुरुवातीला कळलं नव्हतं. सुगंधाबाई जामखेडकडच्या, बोलणं अस्सल तिकडचं. जीप दारात उभी राहिली तेव्हा त्या पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या होत्या.

"मास्तर, हिचं करायचं काय?" त्याही नवऱ्याला मास्तरच म्हणायच्या.

"हिंडायचं."

"कुठं?"

"जिथं रस्ता नाही तिथं."

"मंग बैलगाडी काय वाईट हुती?"

मास्तरांचं रस्त्याबद्दलचं मत पक्कं होतं. "रस्त्यानं जाणं म्हणजे गाईडातलं उत्तर उतरवून काढणं," असं ते वर्गात सांगायचे. आम्ही पोरं गाईडवरच जगणारी, आम्हाला ते लागायचं. मास्तर मात्र त्याप्रमाणे वागायचे. रविवारी चर्चमधली (दोघंही देऊळच म्हणायची) उपासना संपली, पाळकांनी आशीर्वाद दिला, की दोघं तशीच देवळाच्या कपड्यांत जीपमध्ये बसायची. पुढची काच बोनेटवर पाडायची आणि पूर्वेकडच्या माळाला लागायचं. तिकडं पाऊससुद्धा विचारपूस करतच येतो. कुसळं, दगड, मध्येच एखादी बाभूळ. मास्तर छोटा दांडा ओढून चारही चाकं इंजिनाला जोडायचे, आणि जीप दगडांवरून अशी चढायची की शेळ्या बाजूला उभ्या राहून बघायच्या. एकदा तिनं इतकी उभी चढण घेतली की मास्तरांच्या खिशातलं पेन निघून मागच्या बाकावर पडलं. हे खरं आहे. पेन वरती आभाळात गेलं असं मी सांगतो, ते खरं नाही.

टेकाडावर पोचलं की मास्तर उभे राहून हात करायचे. हा डोंगर कुठून आला, ही माती काळी का, सीना नदीनं कुठं वळण बदललं. सुगंधाबाई डबा उघडायच्या. "आदी खावा, मास्तर. डोंगर काय कुटं जात न्हाई." मास्तर खाली बसायचे. माळावर त्या एवढंच बोलायच्या. परत येताना तर जीप हाडं खिळखिळी करत असायची आणि बाईंना झोप लागलेली असायची.

खरं बोलायचं काम त्यांना रस्त्यावर असायचं, कारण जीप डावरी होती. स्टेअरिंग डावीकडं. आता आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालणार, त्यात मास्तर डाव्या कडेला बसलेले. पुढं एखादा ट्रक आला की त्यांना ट्रकचं बूड सोडून जगातलं काही दिसायचं नाही. पुढं जायचं तर उजवीकडं बसलेल्या माणसानं मान बाहेर काढायची आणि समोरून काही येतंय का ते सांगायचं. ते काम सुगंधाबाईंचं.

मास्तर विचारायचे, "हाय का?"

समोरून काही येत असलं की बाई म्हणायच्या, "हाय." मास्तर मागं थांबायचे.

पुन्हा, "हाय का?"

रस्ता मोकळा असला की बाई म्हणायच्या, "न्हाई." आणि मास्तर घुसायचे.

बस. एवढ्यावर त्यांचा संसार रस्त्यावर चालला. वर्गात 'आहे'च्या जागी 'हाय' म्हणणाऱ्या पोराला मास्तर खडू फेकून मारायचे. मी एकदा विचारलं, "मास्तर, आम्हाला खडू, आणि जीपमध्ये तुम्हीच हाय हाय करता?" ते म्हणाले, "'आहे का' म्हणेपर्यंत ट्रक येऊन जातो, बबन. प्रमाणभाषा बसल्या जागी बोलायची असते."

आणि बाईंचा अंदाज! समोरून ट्रक येतोय एवढंच त्यांना कळायचं असं नाही. त्याचा ड्रायव्हर घरून भांडून निघालाय का, हेही त्यांना कळायचं, असं मी सांगत फिरायचो. मास्तरांनी तेवढं मात्र कधी खोडलं नाही.

एकदा शेजारच्या वाडीचा एक बाप आला. पोराच्या वरातीला जीप हवी. मास्तर म्हणाले, "देतो. चालवणार मी. आणि माझ्या शेजारी नवरी बसणार."

"आन् नवरदेव?"

"मागं."

बाप बिचकला, पण दुसरी जीप तालुक्यात अशी नव्हती. वरात निघाली. नवरी मुंडावळ्यांच्या आड मान खाली घालून बसलेली. वाडीचा रस्ता अरुंद, पुढं बँडवाल्यांचा टेम्पो. मास्तरांनी विचारलं, "हाय का?" नवरी गप्प. बाई मागच्या बाकावर नवरदेवाशेजारी होत्या. त्यांनी मागून तिच्या खांद्याला हात लावला. "आगं पोरी, वर बघ. तू न्हाई सांगितलंस तर ह्यो मानूस हितंच म्हातारा हुईल." पोरीनं मान वर केली. थोड्या वेळानं तिचा आवाज बँडच्या वर चढला. "हाय! मास्तर, हाय! थांबा, म्हशी हायती!" मागं स्टेपनीला टेकून बसलेला नवरदेव म्हणाला, "आवो, मी नवरदेव हाय का टायर?" अख्खी वरात हसली. बाई हसल्या नाहीत. उतरताना नवरीला म्हणाल्या, "असंच बोलत जा. घरी पन."

आता पुढचं सांगायचं, तर माझा आवाज जरा खाली येतो. चालवून घ्या.

ऐन उसाचा हंगाम होता. सोलापूर रोड तेव्हा दुपदरीच होता, आणि त्यावर रात्रंदिवस दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर. सुगंधाबाईंच्या छातीत सकाळी दुखायला लागलं. गावातले डॉक्टर म्हणाले, थांबू नका, नगरला न्या. अँब्युलन्स आली. मास्तरांचा मुलगा सुहास पुण्यात नोकरीला, पण त्याची बायको गावी आलेली होती. ती अँब्युलन्समध्ये बसली. मास्तरांनाही सगळे म्हणत होते, चढा आत. मास्तर म्हणाले, "मी जीप घेऊन येतो मागून."

सून म्हणाली, "पप्पा, जीप कशाला आता?"

"परत येताना हिला कशातून आणायची मग? ही दुसऱ्या गाडीत झोपत नाही."

स्ट्रेचरवरून बाई म्हणाल्या, "मास्तर, दमानं या. कुनाला तरी शेजारी बशिवा." मग दार लागलं.

मास्तरांनी कुणाला बसवलं नाही. कुणाला शोधायला थांबलेच नाहीत.

अँब्युलन्स ट्रॅक्टरांमधून वाट काढत निघून गेली. मास्तर एका ट्रॅक्टरच्या मागं अडकले. त्याच्या पुढं दुसरा होता. पुढचं मला त्यांनी एकदाच सांगितलं, दुकानात पोत्यावर बसून. "रुईछत्तिशीच्या अलीकडून मी विचारत होतो, बबन. हाय का? हाय का? मान काढून काढून कंबर गेली. दिसायचा तो ऊसच. एकदा हिंमत केली, निम्मा बाहेर आलो. समोर एसटी. पुन्हा आत."

दवाखान्यात पोचले तेव्हा सून दाराबाहेर उभी होती. तिनं काही सांगायची गरज पडली नाही. बाई परत आल्या त्या अँब्युलन्समधूनच. जीप मागून आली.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी वाढवून सांगितल्या. ही मला जरासुद्धा वाढवता आली नाही. कमी करता आली असती तर केली असती.

त्यानंतर मास्तरांनी पुढच्या गाडीला मागं टाकणं सोडून दिलं. समोर बैलगाडी असो नाहीतर रोडरोलर, त्यांची जीप मागून निमूट चालायची. आधी लोक हसले. एकदा तर ते श्रीगोंद्याकडं निघाले आणि उसाच्या ट्रॅक्टरमागं विचारांत चालत थेट कारखान्याच्या रांगेत जाऊन लागले. मागं आणखी ट्रॅक्टर आले, निघायला जागा नाही. सरकत सरकत जीप वजनकाट्यावर. काटेवाला खिडकीतून म्हणाला, "मास्तर, ऊस कुठाय?" मास्तर म्हणाले, "ऊस नाही. मी चुकून आलोय." काटेवाल्यानं गंमत म्हणून वजन करून चिठ्ठी दिली. मी ही गोष्ट दुकानात रंगवून सांगितली, चहा सांडेपर्यंत सगळे हसले. मग कुणीतरी विचारलं, "पर ते वळले का न्हाईत मधी?" मी सांडलेला चहा पुसायला घेतला.

सुहासला काळजी वाटली. तो सुट्टी काढून आला. चांगला मुलगा. म्हणाला, "पप्पा, चला, मी बसतो शेजारी. कर्जतला जाऊन येऊ." मास्तरांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तरतरी आली. मी मागं बसलो. गावाबाहेर पडलो, पुढं कडब्यानं भरलेला ट्रक. मास्तर क्षणभर थांबले. मग जुन्या आवाजात विचारलं, "हाय का?"

सुहासनं मान बाहेर काढली. समोरून सिमेंटचा टँकर येत होता. तो पोटापासून ओरडला, "नाही, नाही, नाही!"

मास्तरांनी जीप बाहेर काढली.

त्यानंतर काय झालं ते मला दिसलं नाही, मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आम्ही उजव्या बाजूच्या कांद्याच्या रानात वाफ्यांमध्ये उभे होतो आणि टँकर हॉर्न वाजवत लांब गेला होता. कुणाला खरचटलंही नव्हतं. कांद्याचा मालक धोतर सावरत पळत आला, मास्तरांना बघून म्हणाला, "आरं, मास्तर व्हय! बसा, पानी आनतो."

सुहास उडी मारून खाली उतरला. "पप्पा, मी नाही म्हणालो ना! तीन वेळा म्हणालो!"

"नाही म्हणालास म्हणूनच तर आलो."

"म्हणजे?"

"न्हाई म्हणजे, समोर काही नाही."

"अहो, नाही म्हणजे जाऊ नका!"

सुहास लहानपणी या जीपमध्ये नेहमी मागं झोपलेला असायचा. पुढच्या बाकावर काय चालायचं, ते त्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते टँकरमुळं की कशामुळं, मी विचारलं नाही.

परत आल्यावर त्यानं तोड काढली. "स्टेअरिंग उजवीकडं घेऊ. मग शेजारी कुणी लागणार नाही. नाहीतर पप्पा, जीप बंद." बापाचा जीव जाईल, ही त्याची भीती खोटी नव्हती. मास्तर हो म्हणाले. जीप ठेवायची तर हो म्हणायलाच हवं होतं.

नगरला अन्वर मेस्त्रीकडं जायचं ठरलं. मास्तरांनी मला बरोबर घेतलं, पण मी उजवीकडं चढायला लागलो तसे म्हणाले, "मागं बस, बबन." गावापासून नगरपर्यंत आम्ही एका मुरमाच्या डंपरमागं गेलो. डंपरनं आम्हाला इतकी धूळ चारली की माझी आई समोर आली असती तर तिनं मला दारात उभं केलं नसतं. मास्तरांनी मला एकदाही काही विचारलं नाही.

अन्वर मेस्त्रीनं जीपभोवती फेरी मारली. "हो जाएगा, मास्तर. लई गाड्या केल्या असल्या. डावीकडचं बुजवायचं, उजवीकडं पत्रा कापायचा, पेडल तिकडं घ्यायचे. नवीसारखी चालल." खडूनं खूण करायला तो उजव्या बाजूला वाकला आणि त्यानं पायाखालचं रबर उचललं. "ये देखो, इथं कापायचं." मग थांबला. "मास्तर, हितं कोन बसत होतं?"

मास्तर पलीकडून आले. मीही वाकून बघितलं. रबर एका जागी फाटून आरपार गेलेलं, आणि त्याच्याखाली पत्र्याचा हिरवा रंग घासून उडालेला. टाचेएवढी जागा, रुपयासारखी चकचकीत. ब्रेक जिथं असायला हवा होता, बरोबर तिथं.

मास्तर वर चढून त्या जागेवर बसले. इतक्या वर्षांत ते तिथं कधी बसले नसावेत, कारण बसताना त्यांना दांडी कुठं धरायची ते सापडेना. गॅरेजचं फाटक उघडं होतं, समोर रस्ता. एक ट्रक भरधाव अंगावर आल्यासारखा आला आणि वळून गेला. मास्तरांचा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथंच.

"भ्यायची रे," मास्तर म्हणाले. "प्रत्येक वेळी भ्यायची."

अन्वर मेस्त्री माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं.

"आणि मला एकदाही म्हणाली नाही. नुसतं, हाय आणि न्हाई."

अन्वरनं चहा मागवला, तो त्यांच्या हातात गार झाला. मग उतरले, रबर पुन्हा जागच्या जागी पसरलं, हातानं सारखं केलं आणि म्हणाले, "मेस्त्री, राहू द्या. इथं कापायचं नाही."

सुहासशी त्यावरून फोनवर मोठं भांडण झालं. शेवटी मास्तरांनी त्याला शब्द दिला की कुणालाही मागं टाकणार नाही. तो त्यांनी पाळला. मधल्या काळात सोलापूर रोड चौपदरी झाला. मी दुकानातून धावत गेलो सांगायला. "मास्तर, आता समोरून कुणी येतच नाही! एकटे सुसाट जा नगरला!" आता चौपदरीवरही आमचे लोक उलट्या बाजूनं ट्रॅक्टर घालतात, ती गोष्ट वेगळी. मास्तर म्हणाले, "जाऊन आलो एकदा. तिथं विचारायलाच लागत नाही." एवढं बोलून पुन्हा जीपखाली गेले. त्यानंतर ते श्रीगोंद्याच्या जुन्या रस्त्यानंच दिसायचे.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर झोपेतच गेले. दोघांच्या कबरी शेजारी आहेत. जीप सुहासनं विकली नाही. शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, स्टेअरिंग डावीकडंच. अधूनमधून तो येतो, चालू करतो, आणि मुलीला उजवीकडं बसवून अंगणात मागं-पुढं करतो.

मी मास्तरांना रस्त्यावर जीप चालवताना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. मी टेम्पोतून खताची पोती घेऊन श्रीगोंद्याहून येत होतो. पुढं गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत. रांगेच्या तोंडाशी उसाचा ट्रॅक्टर, त्यावर भोंगा लावून गाणी, आणि त्याच्या मागं जीप. एकेक गाडी शिव्या देत दोघांना मागं टाकून पुढं जात होती. आमचा नंबर आला, ड्रायव्हरनं टेम्पो बाहेर काढला. जीपच्या बरोबरीनं आलो तेव्हा आधी उजवीकडची रिकामी जागा दिसली आणि तिच्या पलीकडं मास्तर. स्वेटर, कानाला मफलर. मी जोरात हाक मारली. गाण्यांत ऐकू गेली नसावी. मास्तर बोलत होते. मला वाटलं माझ्याशी. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी मान थोडी तिरकी केली, एखादं पोर हळू आवाजात उत्तर देत असलं की वर्गात करायचे तशी, आणि वाट बघत राहिले.

आम्ही ट्रॅक्टरच्या पुढं आलो. समोर पार वळणापर्यंत रस्ता मोकळा होता, एक सायकलसुद्धा नव्हती. ड्रायव्हरनं वेग घेतला. मी आरशात बघितलं. आरशात नुसता ऊस दिसत होता.